भिंतीवरचा खाकी नकाशा

आमच्या यंत्रकक्षाच्या भिंतीवर एक खाकी कागद होता. शिंपी कापड बेतण्याआधी ज्यावर माप आखतात तसला, लांबीला साडेतीन-चार हात. आता तो तिथे नाही. तो का नाही हे लिहायला बसले की माझे दात एकमेकांवर घट्ट बसतात. राग शमल्यावर लिहावं असं जाणते लोक सांगतात. मी वर्षभर वाट पाहिली. शमला नाही, म्हणून तसाच लिहिते.

आधी यंत्राचं सांगते. कोल्हापुरात मेनफ्रेम आहे म्हटलं की पुण्याची माणसं हसतात. हसू देत. कपड्यांच्या मोठ्या कपाटाएवढं ते यंत्र आमच्या संस्थेत आहे आणि जिल्ह्यातल्या दूधसंस्थांचं काम त्याच्यावर चालतं: सकाळ-संध्याकाळ कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागलं. एवढ्याला इतकं मोठं यंत्र कशाला, असं काहींचं मत होतं. पण आधीच्या अध्यक्षांनी ते परदेश दौऱ्यात पाहिलं होतं, आणि दौऱ्याहून रिकाम्या हातानं परतणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. यंत्र मात्र गुणी निघालं. अध्यक्ष बदलले, ते चालत राहिलं.

या एका यंत्राच्या पोटात आम्ही चाळीसेक लिनक्स यंत्रं चालवतो. ती खरी नाहीत, पण त्यांना ते माहीत नाही. प्रत्येकाला वाटतं, मी स्वतंत्र, माझी मेमरी माझी. प्रत्येक दूधसंस्थेला असं एक यंत्र दिलेलं आहे, म्हणजे एकाची भानगड दुसऱ्याला लागत नाही. इंग्रजीत त्यांना गेस्ट म्हणतात. आम्ही पावणे म्हणतो. 'नेसरीचा पावणा हळू चाललाय', 'मलकापूरच्या पावण्याला उठवा', अशी आमची दिवसभराची भाषा.

आता या सगळ्या पावण्यांना लागणारे प्रोग्रॅम एकच. चाळीस जणांनी आपापल्या मेमरीत त्याच प्रोग्रॅमची एकेक प्रत ठेवायची म्हणजे चाळीस प्रती, आणि खरी मेमरी तर एकाच कपाटातली. म्हणून प्रोग्रॅमची एकच प्रत एका सामायिक तुकड्यात ठेवतात. तो सगळे वाचतात, त्यात लिहीत कुणीच नाही. ही व्यवस्था आमच्याकडे लावली ती चाचांनी.

चाचा म्हणजे माझे वरिष्ठ. मूळचे मलकापूरचे, राहायला शिवाजी पेठेत, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. वडील शिंपी. यंत्रं शिकण्याआधी चाचांनी काही वर्षं वडिलांच्या दुकानात काजं केली होती आणि ते कधी लपवलं नाही. मला हे काम त्यांनी शिकवलं. कोणतीही गोष्ट बेतण्याआधी ते खाकी कागदावर आखायचे, शिंप्याच्या निळ्या खडूनं आणि मग पेनानं. भिंतीवरचा कागद म्हणजे यंत्राच्या मेमरीचा नकाशा. खालून वर पत्ते मांडलेले, प्रत्येक पावण्याची उंची एका उभ्या पट्टीनं दाखवलेली, सगळ्या पट्ट्या एका पातळीवर संपत, आणि त्यांच्या जरासा वर एक आडवा पट्टा, चाळिसांवरून सलग गेलेला. तो सामायिक तुकडा. दोन्हींच्या मध्ये लाल रेघ. रेघेवर चाचांच्या अक्षरात लिहिलेलं: 'पावण्यानं हिच्या वर चढू नये.'

का चढू नये, हे मी नवीन असताना विचारलं होतं.

"तुमच्या गल्लीत घरं किती?" चाचा म्हणाले.

"असतील पन्नास."

"माझ्या गल्लीत बी पन्नास धरा. दोन्हीकडं नंबर एकपासनं. आता समजा, एक्कावन्न नंबर म्हणजे तालीम. साऱ्या गल्ल्यांची तालीम एकच, आणि साऱ्यांनी तिला एक्कावन्नच म्हणायचं. जमलं?"

"जमलं."

"आता कुणी शहाण्यानं तुमची गल्ली शंभर घरांची केली. एक्कावन्न नंबरला कोण आलं?"

"कुणाचं तरी घर."

"मग तालमीला कुठनं जाशीला, ताई? तुमच्या गल्लीपुरती तालीम बंद की."

इतकं सरळ. सामायिक तुकडा सगळ्यांना एकाच पत्त्यावर दिसायला हवा. पावण्याची स्वतःची मेमरी त्या पत्त्यापर्यंत वाढली की यंत्र तुकडा जोडायला नकार देतं. मेमरी कमी पडली तर माणूस समजू शकतो. जास्त दिल्यानं अडतं, हे समजायला एखादा नकाशा लागतो.

मागच्या वर्षी संस्थेचा वर्धापनदिन आला. आमचे कार्यकारी संचालक, त्यांना साहेब म्हणू, हे मोठे कल्पक गृहस्थ. त्यांना कामाची कल्पना कधी सुचत नाही, समारंभाची रोज सुचते. कार्यक्रम यंत्रकक्षातच घ्यायचा, पाहुण्यांना मेनफ्रेम दाखवायची, असं ठरलं. पाहणी करायला साहेब आले आणि भिंतीसमोर उभे राहिले.

"हे गबाळ काय आहे?"

"मेमरीचा नकाशा आहे, सर. चाचांचा."

"दुकानातल्या पुडीच्या कागदावर? मॅडम, उद्या प्रेस येणार आहे."

चाचा त्या दिवशी रजेवर होते. पुतणीचं लग्न, मलकापूरला. मी म्हणाले, कागद काढा पण मला द्या. साहेब म्हणाले, हो हो. तासाभरानं मी जेवून परत आले तर भिंतीवर फ्लेक्स लागला होता. डावीकडे अध्यक्ष, उजवीकडे साहेब, मध्ये यंत्राचा फोटो. तो आमच्या यंत्राचा नव्हता, इंटरनेटवरून उचललेल्या कुठल्या तरी धुलाई यंत्राच्या जाहिरातीसारखा दिसत होता. वर ठळक अक्षरात: 'एक यंत्र, एक स्मृती, एक कुटुंब – वसुधैव कुटुम्बकम्'. मेमरी शेअर होते एवढं साहेबांच्या कानावर होतं. तेवढ्यावर त्यांनी उपनिषद काढलं.

कागद कुठे गेला, कुणाला माहीत नव्हतं.

मग साहेबांनी शेवटची कल्पना सांगितली. वर्धापनदिनाची भेट म्हणून प्रत्येक दूधसंस्थेच्या यंत्राची मेमरी दुप्पट करायची. अध्यक्ष बटण दाबतील आणि सगळी यंत्रं नव्या मेमरीसह सुरू होतील.

"सर, दुप्पट कशाला? कुणी मागितली नाही."

"भेट मागून घेतात का?"

"चाचांना विचारते."

"विचारा. पण करून ठेवा."

मी चाचांना फोन लावला. मलकापूरच्या पुढं, आंबा घाटाच्या बाजूला लग्नाचं कार्यालय होतं, रेंज नव्हती. सात वेळा लावला. आणि मग मी चाळीस पावण्यांच्या नोंदीतला मेमरीचा आकडा दुप्पट करून ठेवला.

हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिते. आकडे मी बदलले. यंत्राला एक आज्ञा दिली असती, 'सामायिक तुकडा कुठल्या पत्त्यावर आहे सांग', तर दोन ओळींत उत्तर मिळालं असतं. मी विचारलं नाही. ती लाल रेघ मी इतकी वर्षं चहा पिता पिता पाहिली होती. समोरून गेली आणि माझ्या डोक्यातूनही गेली. माझा निम्मा राग साहेबांवर आहे. उरलेला कुणावर, ते वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूधसंकलन आटोपल्यावर अकराचा मुहूर्त होता. दारात हलगी वाजत होती. यंत्रकक्षात थंडी असते, त्यामुळे अध्यक्षांना शाल दोनदा द्यावी लागली, एकदा सत्काराची आणि एकदा खरोखरची. बटण म्हणजे माझ्याच कीबोर्डवरची एंटरची कळ. तिला लाल रिबीन गुंडाळली होती. कळेला रिबीन बांधताना शेजारच्या दोन कळाही बांधल्या गेल्या होत्या, त्या मी सोडवल्या. अध्यक्षांनी कळ दाबली, फोटो निघाले, टाळ्या झाल्या, भडंग आणि पेढे वाटले.

पावणे उठले. सामायिक तुकडा एकालाही जोडता आला नाही. चाळीस पडद्यांवर एकच ओळ: तुकड्याचा पत्ता तुमच्या मेमरीत येतो, जोडता येत नाही. चाळीस पावणे जागे, प्रोग्रॅम एकाकडेही नाही.

मी साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं, मेमरी पूर्वीसारखी करायला हवी.

"अध्यक्षांनी जाहीर केलंय. दुपारी कमी कशी करणार?"

"मग यंत्रं चालणार नाहीत."

"प्रत्येकाला आपापली प्रत द्या की प्रोग्रॅमची! आता मेमरी दुप्पट आहे ना?"

दुप्पट मेमरी कागदोपत्री होती. कपाट तेवढंच होतं. मी हे सांगितलं, ते पाहुण्यांना निरोप द्यायला गेले. जाताना म्हणाले, "करा म्हटलं ना." मी केलं. चाळीस प्रती चढल्या आणि त्या गुणी यंत्रानं मान टाकली. बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. ते चालत होतं, चिखलातून बैल चालतो तसं.

चार वाजता नेसरीच्या संकलन केंद्रावरून फोन आला. "ओ पावणं, तुमचं मशिन काय जेवून झोपलंय व्हय? कॅनांची लाईन लागलीया हितं!" मी म्हणाले, वहीत लिहून घ्या. पलीकडून हसण्याचा आवाज. "वही? वही बंद करा म्हणून तुमीच गेल्ता की सांगून!" तेही खरं होतं.

साडेचारला चाचांचा फोन आला. रेंजसाठी ते कार्यालयापासून लांब रस्त्यावर आले होते, मागं सनई ऐकू येत होती.

"ताई, सात मिसकॉल? कोण गेलं?"

मी सांगितलं.

"नकाशा बघा की. लाल रेघ."

"नकाशा नाही, चाचा. साहेबांनी काढला."

मग ते म्हणाले, "आकडे पयल्यासारखं करा. एकेकाला बंद करून परत उठवा. नेसरी आधी. साहेबांस्नी विचारू नका."

मी विचारलं नाही. आठपर्यंत सगळे पावणे ताळ्यावर आले. पण नेसरीच्या केंद्रावर दूध मोजायला फार उशीर झाला होता. टँकर अडकून राहिला आणि एका पाळीचं दूध नासलं. माणसांनी काढलेलं, डोक्यावरून आणलेलं दूध.

दूध नासलं म्हणजे कुणाचं तरी चुकलं असणारच. आठवड्यानं नोटीस बोर्डावर कारणे दाखवा नोटीस लागली. वाचताना मला वाटलं, माझ्या नावानं असेल. चाचांच्या नावानं होती. 'आपण महत्त्वाचा दस्तऐवज संगणकात सुरक्षित न ठेवता भिंतीवर ठेवल्यामुळे संस्थेच्या लौकिकास बाधा आली.' चाचांच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते. चौकशी चालू असताना निवृत्त झालेला माणूस, हा शिक्का त्यांच्या कागदावर कायमचा राहिला असता. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून एक पावणा कधी उगाच बंद पडला नव्हता.

चाचांनी नोटीस उभ्या उभ्या वाचली. "भिंतीवर ठेवला म्हणून," एवढंच म्हणाले. मग चष्मा काढून मिटला आणि खिशात ठेवला. मी इतकी वर्षं त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही ते रागावले नव्हते. त्यांना लाज वाटत होती, आणि ती वाटायचं कारण त्यांचं नव्हतं. त्याची चीड मला आजही आहे.

मी कागद शोधायला लागले. दोन दिवसांनी चहाच्या मावशी म्हणाल्या, "खाकी कागद व्हय? त्यो माझ्या मांडणीवर हाय की. कार्यक्रमाला टेबलावर घालाया दिला साहेबांनी, भडंगाच्या ताटांखाली. चांगला जाड कागद, टाकवंना मला."

मांडणीवरून कपबश्या उतरवल्या. खाली चाचांचा नकाशा होता. मध्यभागी भडंगाच्या तेलाचे डाग, कडेनं कपांची गोल वर्तुळं, आणि लाल रेघ जशीच्या तशी.

चौकशी समिती तिघांची. अध्यक्षस्थानी साहेब स्वतः. आपल्याच कामाची चौकशी आपण करण्यात वेळ वाचतो. दुसरे एक बाहेरचे तज्ज्ञ, ते पूर्ण वेळ मान हलवत होते. तिसरे नेसरीकडचे संचालक, दुधाची जित्राबं बाळगणारे, ज्यांच्या गावचं दूध नासलं ते. बैठक साहेबांच्या दालनात. चाचांना बसायला खुर्ची नव्हती, मी माझी दिली.

मी कागद टेबलावर पसरला. दालनात भडंगाचा वास सुटला.

"हे काय?" तज्ज्ञ म्हणाले.

"हरवलेला दस्तऐवज. हा भिंतीवरून चाचांनी काढला नाही. समारंभासाठी काढला गेला आणि ताटांखाली अंथरला गेला."

"विषय तो नाही," साहेब म्हणाले. "तो संगणकात का नव्हता, हा विषय आहे."

"संगणकात आहे. यंत्राला विचारलं की पत्ता सांगतं. मी विचारलं नाही. आकडे मी बदलले, तोंडी आदेशावरून. नोटीस द्यायची तर मला द्या, आणि आदेश देणाऱ्याला द्या."

"मॅडम, तोंडी आदेशाचा पुरावा काय?"

नेसरीचे संचालक कागदावर वाकले होते. त्यांनी लाल रेघेवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "पावण्यानं हिच्या वर चढू नये." मग वर बघून म्हणाले, "एवढं तर माझ्या म्हसरालाबी कळंल. ही यंत्रं चालू कुणी केली?"

तेव्हा मला साहेबांच्या मागची भिंत दिसली. तिथे वर्तमानपत्रातला फोटो चौकटीत लावला होता, सोनेरी चौकटीत. रिबीन बांधलेली कळ, तिच्यावर अध्यक्षांचं बोट, खाली ओळ: 'कळ दाबून मेमरी दुप्पट करताना संस्थेचे अध्यक्ष, शेजारी संकल्पक कार्यकारी संचालक.'

"त्यांनी," मी म्हणाले. "पुरावा तुमच्या पाठीशी आहे, सर."

साहेबांनी वळून पाहिलं. तज्ज्ञांची मान हलायची थांबली. संचालक उठले, जवळ जाऊन ओळ वाचली, आणि 'संकल्पक' या शब्दावर बोटानं दोनदा टकटक केलं. चौकशी पुढे नेली तर ती कुणापर्यंत जाते, हे सगळ्यांना एकदम दिसलं होतं.

बैठक तहकूब झाली. चार दिवसांनी चाचांना पत्र मिळालं: 'अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव' नोटीस मागे घेण्यात येत आहे. इथे मी समाधान मानावं असं घरचे म्हणाले. मला नाही वाटलं. चाचांचं काम वाचून, कागद समजून घेऊन कुणी त्यांना सोडलं नाही. एका चौकटीतल्या फोटोनं सोडलं. अध्यक्षांना त्या दिवशी सर्दी असती आणि कळ मी दाबली असती, तर चाचा शिक्का घेऊनच घरी गेले असते. नेसरीला कुणी माफी मागायला गेलं नाही. मी गेले. केंद्रावरच्या माणसांनी मला चहा दिला, दूध घालून, आणि वर म्हणाले, "ह्यो नासका न्हाय, प्या."

चाचा पत्र घेऊन साहेबांकडे गेले. मी सोबत होते.

"हे बोर्डावर लावा, सर. नोटीस जिथं लावल्याली, तिथंच. चार दिवस ऱ्हाऊ दे."

लावलं. चार दिवस राहिलं. चाचा रोज सकाळी आत येताना तिथे थांबत नसत, पण दिसतंय ना, एवढं पाहत.

निवृत्तीचा दिवस जवळ आला तसे साहेब पुन्हा फुलले. निरोपसमारंभ, शाल, मानपत्र. चाचा म्हणाले, "शाल नको, सर. तेवढा भिंतीवरचा फ्लेक्स काढा. नवा नकाशा लावायचा हाय."

"फ्लेक्स कसा काढणार? अध्यक्षांचा फोटो आहे त्यावर. कुणीही तो काढायचा नाही."

"बरं," चाचा म्हणाले.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी एक काम केलं, जे मी आधीच करायला हवं होतं. सामायिक तुकडा पार वर नेला, इतका की पावण्यांची मेमरी कुणी चौपट केली तरी तिथपर्यंत पोचणार नाही. नव्या यंत्रप्रणालीत तेवढं वर ठेवता येतं. एकेक पावणा बंद करून नव्या पत्त्यावर जोडला, जेवायच्या सुट्टीत, कुणाला न कळता. मग माझ्याकडून स्टूल मागितलं.

फ्लेक्सचे चारी खिळे त्यांनी जपून काढले. फ्लेक्स उलटा केला आणि त्याच चार भोकांत खिळे परत ठोकले. मागची बाजू कोरी, पांढरी, तीन हात रुंद. खिशातून निळा खडू काढला. खालून वर पत्ते आखले, चाळीस पट्ट्या, खूप वर आडवा पट्टा, मध्ये लाल रेघ. पूर्ण दुपार गेली. शेवटी म्हणाले, "ताई, रेघेवरचं तुमी लिवा. माझं अक्षर उद्यापासनं हितं नसणार." मी लिहिलं.

पाचच्या सुमारास साहेब आले. भिंतीसमोर उभे राहिले, जिथे पाहणीच्या दिवशी उभे राहिले होते तिथेच.

"हे काय आहे?"

"नकाशा," चाचा हात झटकत म्हणाले. खडूची निळी भुकटी खाली पडली.

"आणि अध्यक्ष? फ्लेक्स काढायचा नाही म्हणून सांगितलं होतं मी!"

"काढला कुठं, सर? हायत की अध्यक्ष. तुमीबी हाय. पाठीमागं."